बुटातले इनसोल: धुणं अर्ध्या तासाचं, वाळवणं दोन दिवसांचं

श्रावणात कुणाकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलं आणि दारात बूट काढले, की अर्धं लक्ष बुटांकडेच राहतं. बूट बाहेरून पॉलिश केलेले, चकचकीत असतात. वास मारतो तो आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालची पातळ गादी, आणि त्याच्याकडे बूट घेतल्या दिवसापासून कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

लक्ष गेलंच तर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर आत भरपूर टाल्कम पावडर मारली जाते, नाहीतर इनसोल काढून कपड्यांच्या बादलीत बुचकळला जातो आणि सकाळी ऑफिसची घाई म्हणून ओलसर असतानाच परत बुटात कोंबला जातो. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. अर्धवट वाळलेला इनसोल बंद बुटात गेला, की एक-दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त वास मारायला लागतो. म्हणूनच पुढे धुण्याबद्दल जेवढं लिहिलंय, तेवढंच वाळवण्याबद्दलही लिहिलंय.

वास नेमका कशाचा

नुसत्या घामाला फारसा वास नसतो. तळपायावर घामाच्या ग्रंथी शरीराच्या बहुतेक भागांपेक्षा दाट असतात आणि बुटातून तो घाम उडून जायला वाट नसते. त्यात तळपायाच्या जाड कातडीचे मृत कण झडत राहतात. हे सगळं इनसोलच्या वरच्या कापडात मुरतं आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. आपल्या त्वचेवर एरवीही असणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस घामातल्या ल्युसीन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतो. ओळखीचा तो आंबूस, चीजसारखा वास याचाच. लिंबर्गरसारख्या उग्र चीजवर वाढणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद पायावरही सापडतात, तेव्हा ‘चीजसारखा’ म्हणणं शब्दशः खरं आहे.

जिवाणूंना लागतं ते खाणं, ऊब आणि ओल. पायाची ऊब आपल्या हातात नाही. खाणं म्हणजे मळ, तो धुऊन जातो. ओल मात्र रोज काढावी लागते.

आधी बाहेर काढा

टाचेच्या बाजूने बोट घालून इनसोल हलकेच उचला. स्पोर्ट्स शूज आणि ट्रेकिंगच्या बुटांतले बहुधा सुटे असतात, एका ओढीत येतात. टाचेला गोंदाचा ठिपका असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर मिनिटभर लांबून फिरवा आणि हळूहळू सोलत या. फॉर्मल बुटांत पूर्ण लांबीचा इनसोल चिकटवलेला असतो. तो जोर लावून उपटायच्या भानगडीत पडू नका, फाटेल. तो जागेवरच साफ करायचा, ते पुढे येईल.

काढल्यावर खालच्या बाजूला बॉलपेनने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा. वेडेपणा वाटेल, पण घरात दोन मुलांचे पीटी शूज एकदम धुवायला काढले की त्याचा उपयोग कळतो.

कशाचा आहे ते ओळखा

सगळे इनसोल एकाच पद्धतीने धुता येत नाहीत. ओळखायला अंगठा आणि पाण्याचा थेंब पुरतो.

इनसोल उलटा करून फोमवर अंगठा दाबा आणि सोडा. खळगा लगेच भरून आला आणि टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा तसाच वर राहिला, तर तो बहुधा ईव्हीए फोम. याची छिद्रं बंद असतात, फोम पाणी पीत नाही, फक्त वरचं कापड भिजतं. धुवायला सगळ्यांत सोपा.

खळगा लगेच भरला पण थेंब आत शोषला गेला, तर तो उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू फोम. धुता येतो, पण पाणी पोटात ठेवून घेतो. आणि अंगठ्याचा ठसा सावकाश, दोन-चार सेकंदांनी वर येत असेल तर तो मेमरी फोम. हाही पीयूचाच प्रकार आणि वाळायला सगळ्यांत हट्टी.

चामडं, कॉर्क आणि पारदर्शक जेल पाहताच ओळखू येतात. मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरतात तो एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचा मऊ रबर, आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मापाने बनवून घेतलेले इनसोल यांचा वेगळा विचार करायचा.

कापड लावलेले फोमचे इनसोल: हाताने धुणं

आधी कोरडी सफाई. इनसोल गॅलरीच्या कठड्यावर आपटा, बोटांच्या खळग्यात आणि कडेला साचलेली माती जुन्या टूथब्रशने झाडून काढा. हे न करता थेट पाणी घातलं तर त्या मातीचा चिखल होऊन कापडात जातो. सह्याद्रीत भटकून आलेल्या बुटांतली तांबडी माती तर आधी पूर्ण वाळू द्यावी आणि मगच झाडावी.

एका पसरट घमेल्यात दोन मग कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हात आरामात ठेवता येईल एवढंच. त्यात एक लहान चमचा लिक्विड डिटर्जंट किंवा भांड्यांचं लिक्विड. कपड्यांची पावडर शक्यतो नको. ती नीट विरघळली नाही तर कण कापडात अडकतात आणि पुढे घामात विरघळून तळव्याला खाज आणतात.

ईव्हीएचा इनसोल पाच-दहा मिनिटं पाण्यात राहिला तरी चालतं. पीयू बुडवू नका, ब्रश बुडवून वरून घासा. टूथब्रश बोटांकडून टाचेकडे एकाच दिशेने चालवा. गोल गोल घासलं की कापडाचे बोळे निघतात आणि कडेला ते फोमपासून सुटायला लागतं. टाचेचा आणि अंगठ्याखालचा काळा, चकाकणारा डाग पहिल्या घासण्यात जात नाही. तिथे लिक्विडचा एक थेंब थेट लावा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा घासा. तरीही राहिला तर राहू दे, तो बहुधा बुटाचा किंवा मोज्याचा रंग उतरलेला असतो. त्याला वास नसतो.

मग नळाखाली धरून बोटांनी दाबत दाबत साबण काढा. दाबल्यावर पांढरा फेस येतोय तोवर साबण आत आहे असं समजा. फेस थांबला की झालं.

वॉशिंग मशीन? जाळीच्या पिशवीत घालून, थंड पाण्यात, नाजूक कपड्यांच्या सर्वांत हळुवार सेटिंगवर ईव्हीएचे इनसोल निभावतात. मेमरी फोम आणि चामड्याचे नाहीत. ड्रायर कुठल्याच इनसोलला नको, उष्णतेने फोम आक्रसतो आणि बुटात पुढे-मागे सरकायला लागतो.

बाकीच्यांचं वेगळं

मेमरी फोम पाण्याखाली धरू नका. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा, वरचं कापड पुसून काढा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. आत पाणी जितकं कमी जाईल तितकं बरं.

चामड्याचा इनसोल, सुटा असो वा चिकटवलेला, फक्त ओलसर फडक्याने पुसायचा. जमलं तर सॅडल सोप, म्हणजे चामड्यासाठीचा साबण, नाहीतर रिठ्याचं पातळ पाणी. खाण्याचा सोडा चामड्यावर नको, तो अल्कधर्मी असतो, चामडं काळवंडतं आणि कोरडं पडून तडकतं. सावलीत पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या. जास्त तेल लावलंत तर मोजे खराब होतील.

कॉर्कच्या सँडलमध्ये वरचा थर मऊ स्वेडचा असतो. कोरड्या ब्रशने झाडा, ओलसर फडक्याने टिपा, बस्स. भिजला तर कॉर्क फुगतो आणि उन्हात ठेवला तर भेगा पडतात.

जेल आणि सिलिकॉनच्या टाचेच्या गाद्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. खालची चिकट बाजू मळाने चिकटेनाशी झालेली असते, धुऊन वाळली की बहुतेक वेळा परत धरते. वरच्या बाजूला चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की मोजा अडकत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांच्या एमसीआरच्या तळाला ओलसर फडकं पुरे. भिजवू नका, त्याचे थर गोंदाने जोडलेले असतात. इथे स्वच्छतेपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची. पायाची संवेदना कमी झालेली असते, म्हणून रोज घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळ्याचं टोक, कापडाची घडी काही लागतंय का ते बघावं. टोचलेलं त्यांना कळत नाही आणि एका साध्या काट्याची जखम महिनोन् महिने चिघळते. घरातल्या आजी-आजोबांना वाकता येत नसेल तर हे काम नातवंडांकडे द्यायला हरकत नाही.

आता खरं काम: वाळवणं

पिळायचं नाही. फोम पिळला की आतून तुटतो आणि कापड सुटतं. त्याऐवजी जुना सुती पंचा जमिनीवर पसरा, इनसोल त्यात गुंडाळा आणि वर उभे राहा. आधी टाचेवर वजन द्या, मग हळूहळू चवड्यावर या. पंच्यावर पावलाचा ओला ठसा उमटेल. पंच्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा करा. ठसा उमटायचा थांबेपर्यंत हे करत राहायचं. या पाच मिनिटांमुळे पुढचे कित्येक तास वाचतात, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

मग इनसोल आडवा पसरू नका, खालची बाजू ओलीच राहते. दोरीला चिमट्यानेही लटकवू नका, ओल्या फोमवर चिमट्याचा खळगा कायमचा पडू शकतो. भांड्यांची जुनी जाळी असेल तर तिच्या खणांत ताटल्यांसारखे उभे लावा. नसेल तर भिंतीला टेकवून टाच खाली, बोटं वर असे ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी फिरवा. समोर टेबलफॅन. छताच्या पंख्यापेक्षा टेबलफॅन कितीतरी बरा, कारण वारा दोन्ही बाजूंनी सरळ लागतो.

उन्हाबद्दल. सकाळचं कोवळं ऊन चांगलं, दहाच्या आत उचलायचं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर दुपारी ठेवलेला ईव्हीए कडेने वर वळतो, आखडतो आणि परत बुटात नीट बसत नाही. बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही तेच. इस्त्री फिरवणं, गॅसजवळ टेकवणं, तव्यावर ठेवणं यांतलं काहीही नको. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर.

पावसाळ्यातल्या मुंबईत आणि कोकणात हवेतच इतकी ओल असते, की नुसतं ठेवून काही वाळत नाही. तिथे तीन गोष्टी उपयोगी पडतात. एक, पंखा सतत. दोन, घरात एसी असेल तर रात्री त्या खोलीत ठेवणं. एसी हवेतलं पाणी खेचून घेतो. तीन, जवळजवळ वाळले की शेवटची ओल काढायला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवणं. या पुड्या नवीन बुटांच्या, बॅगांच्या खोक्यात येतात, फेकू नका. लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका. तांदळाच्या डब्यात इनसोल ठेवण्याची आयडिया कुणी सुचवली तर त्यांच्याकडे जेवायला जाऊ नका.

ईव्हीए पंख्याखाली बहुधा रात्रीत वाळतो. पीयूला दिवस-रात्र धरा. जाड मेमरी फोम आत भिजला असेल तर पावसाळ्यात दोन-तीन दिवसही लागतात. म्हणून सोमवारी बूट लागणार असतील तर शनिवारी सकाळी धुवा, रविवारी रात्री नाही.

वाळलाय की नाही हे बोटाला नीट कळत नाही. हाताच्या पंजाची मागची बाजू किंवा गाल लावा. गार लागला तर आत अजून पाणी आहे, ते उडताना गारवा देतंय. याहून पक्की खूण हवी असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. धुण्याआधी, काट्यावर पिशवी अंथरून, इनसोलचं वजन करून लिहून ठेवा. वाळवताना वजन तिथवर उतरलं की तो वाळला. दोन-तीन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर ते पाणी. घरचे बघतील तसे बघू द्या.

इनसोल वाळतोय तोवर बूटही उघडे ठेवा, जीभ पुढे ओढून, लेस सैल करून. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला. ओला कागद आत तसाच राहिला तर तो ओल धरूनच बसतो.

साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर

मुंबईतल्या हिंदमाता, सायनच्या किंवा कुठल्याही शहरातल्या तुंबलेल्या पाण्यातून बूट गेले असतील तर हा नुसता वासाचा प्रश्न राहत नाही. त्या पाण्यात गटाराचं पाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. पायावर जखम, भेग किंवा चिखल्या असतील तर जंतूंना तिथूनच वाट मिळते. अशा पाण्यातून चाललं असल्यास २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवावं, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. ते आधी, बूट नंतर.

इनसोल स्वस्तातला असेल तर सरळ टाका. ठेवायचाच तर रबरी हातमोजे घालून आधी गाळ धुवा, मग साबणाने, मग जंतुनाशक द्रवाच्या पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि वेळात ठेवा, शेवटी स्वच्छ पाणी. लेप्टोचे जिवाणू कोरडेपणात तग धरत नाहीत, त्यामुळे इथे पूर्ण वाळवणं हा औषधाचाच भाग आहे.

चिखल्या आणि बुरशी

बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी, खाजरी कातडी दिसली की ते बुरशीचं काम. फक्त पायाला मलम लावून भागत नाही, कारण बुटातून ती पुन्हा पायावर येते. उपचार चालू असेपर्यंत इनसोल धुऊन कडकडीत वाळवा आणि क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाची डस्टिंग पावडर बुटातही टाका. बरे झालात की तो जोड बदलून टाकलेला बरा.

पावसाळाभर कपाटात राहिलेल्या चामडी बुटांच्या इनसोलवर पांढरी-हिरवट बुरशी धरते. ती घरात झाडू नका. नाकाला रुमाल बांधून गॅलरीत झाडा. मग मेडिकलमधलं स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसा, आधी कोपऱ्यात लावून रंग उतरतोय का ते बघा.

घरगुती उपाय

खाण्याचा सोडा खरंच काम करतो, कारण वास आम्लाचा आहे आणि सोडा ते आम्ल उदासीन करतो. कोरड्या इनसोलवर एक लहान चमचा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी नीट झटका. ओल्यावर टाकलात तर पांढरी खपली धरते. व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग असं फवारून पंधरा मिनिटांनी धुतलं तर जिवाणू कमी होतात. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फसफसणं बघण्यात काही हशील नाही, दोघं एकमेकांना संपवतात. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फ्रीजरमध्ये इनसोल ठेवायचा उपाय सगळीकडे फिरतो. थंडीने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, झोपतात. पायात घातल्यावर उठतात. डांबराच्या गोळ्या वासावर वास चढवतात आणि त्यांची वाफ लहान मुलांना चांगली नाही. टाल्कम घामात मिसळून लगदा होतो. तुरटी मात्र कामाची, इनसोलला नाही, पायाला: अर्ध्या बादली पाण्यात एक चमचा तुरटीची पूड घालून दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवले की घाम थोडा कमी येतो.

रोजचं

घरी आल्यावर बूट थेट बंद कपाटात ढकलू नका. इनसोल अर्धा वर ओढून टाचेवर उभा ठेवा, रात्रभर वारा लागू दे. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. मोजे रोज धुतलेले हवेत हे सांगायला नको, पण शाळकरी मुलांच्या बाबतीत ते सांगावंच लागतं. रोजच्या वापरातल्या बुटांचे इनसोल महिन्यातून एकदा धुतले तरी पुरे. पावसाळ्यात जास्त वेळा धुण्यापेक्षा रोज वाळवा.

बदलायचे कधी आणि कसे

टाचेचा खळगा दाबून न भरणारा झाला, वरचं कापड फाटून फोम दिसू लागला, कडेने भुगा पडू लागला किंवा नीट धुऊन-वाळवूनही दोन दिवसांत वास परत आला, तर बदला. भुगा हे पीयूचं लक्षण. ओलीने तो वर्षानुवर्षे आतून कुजत जातो आणि मग बूट न वापरताही सुटा पडतो. त्याला गोंद लावून उपयोग नाही. फक्त कडेने सुटलेलं कापड मात्र जोडता येतं: दोन्ही बाजूंना फेविबॉण्डचा पातळ थर द्या, बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्या, दाबून रात्रभर वर वजन ठेवा.

नवे आणताना बूट जुन्या इनसोलसकट सोबत न्या आणि जाडी जुळवा. नवा आधी न कापता जुन्याच्या जागी टाचेकडून घालून बघा. पुढे थोडा दुमडला तरी चालेल, पण टाच बुटातून वर येत असेल तर तो जाड आहे, बदलून घ्या. दुकानदार कापलेला परत घेत नाही. जाडी जुळली की घरी आणून जुना इनसोल त्यावर टाचा जुळवून ठेवा, पेनने पुढचा आकार आखा आणि रेषेच्या किंचित बाहेरून कापा. मग बुटात घालून, बोटांकडे चुरगळत असेल तेवढंच थोडं थोडं छाटत या.